लोकलची घोषणा ऐकून सुटणारी बस

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला, बस चौकीच्या दाराशी आमचे स्टार्टर तात्या लाकडी स्टुलावर बसायचे ते तोंड स्टेशनकडे करून. गाड्यांकडे त्यांची पाठ असायची. नवीन असताना मला ते विचित्र वाटायचं. ज्या माणसानं बस सोडायच्या, तो बसकडे बघतच नाही? महिनाभरानं उलगडा झाला. तात्यांचे कान फलाटावरच्या घोषणेकडे लागलेले असायचे. कल्याणकडून येणारी लोकल उशिरा धावतेय असं कानावर पडलं की ते मागे न बघता हात वर करायचे. म्हणजे आमची ३१३ नंबरची बस थांबली. लोकल यायची, जिन्यावरून माणसांचा लोंढा उतरायचा, बस भरायची, मग तात्यांची शिट्टी. मी दोन घंट्या द्यायचो आणि गाडी मुंबई विद्यापीठाच्या दिशेनं निघायची.

असं थांबायची सोय वेळापत्रकात नव्हती. तात्या वहीत दोन शब्द लिहायचे, ‘रेल्वे लेट’. तेवढ्यावर भागायचं. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, एवढं कशाला करायचात? म्हणाले, “अरे, कर्जतहून पोरगं आलंय. त्याचा तास-दीड तास रेल्वेनं खाल्ला. उरलेली तीन किलोमीटर आपली. ती तरी नीट व्हायला नकोत?”

मी १९८७ साली बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. त्यातली नऊ-दहा वर्षं कुर्ला ते सांताक्रूझ या मार्गांवर गेली. डबलडेकर असली की दोन कंडक्टर लागायचे, एक खाली, एक वर. मी वरच्या मजल्यावरची ड्यूटी मागून घ्यायचो, कारण वर विद्यापीठाची पोरं बसायची. पत्र्याची पेटी, रंगीत कागदाची तिकिटं, हातात चिमटा. चिमटा टिकटिकवत मी पुढच्या सीटपर्यंत जायचो. पोरं वह्या उघडून वाचत असायची, एखादी मुलगी पुढच्या खिडकीतून येणारा वारा चेहऱ्यावर घेत डोळे मिटून बसलेली असायची. पहाटे पाचला घरून निघालेलं माणूस कसं बसतं, ते मला न विचारता ओळखता यायचं.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी भाची. ती वांगणीला राहते आणि कलिन्याला, विद्यापीठाच्या विद्यानगरीत, रानडे भवनात मराठीत एम.ए. करते. वांगणी ते कुर्ला सव्वा तास. गर्दी असते, उभं राहावं लागतं, पण त्याची तिला सवय आहे. रेल्वेच्या पासाला विद्यार्थी सवलत आहे, कॉलेजच्या शिक्क्याचा फॉर्म दाखवला की निम्म्या पैशात पास मिळतो. त्या सव्वा तासाबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. परवा दिवाळीला आली तेव्हा मात्र म्हणाली, “मामा, लोकलचं निदान कळतं रे. कुर्ल्याला उतरल्यावर पुढचं काही कळत नाही. कधी वीस मिनिटांत गेटवर, कधी पाऊण तास. मग मी रोज पाऊण तास धरूनच घरून निघते.”

तिच्या त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. अंतर साधारण तीन किलोमीटरचं. वेळ लागेल वीस मिनिटं, पण हाताशी ठेवावा लागतो पंचेचाळीस मिनिटांचा. म्हणजे रोज पंचवीस मिनिटं नुसती भीतीपोटी बाजूला काढायची. जाताना पंचवीस, येताना पंचवीस. वर्षभराचा हिशेब केला तर कित्येक पूर्ण दिवस निघतील, आणि ते सगळे फूटपाथवर उभं राहून काढलेले.

आपल्याकडे बसची चर्चा निघाली की ती भाड्यावर येऊन थांबते. ९ जुलै २०१९ ला बेस्टनं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मे २०२५ मध्ये ते पाचाचं दहा झालं, वातानुकूलित गाडीचं सहाचं बारा झालं, तेव्हा सगळ्यांनी ओरड केली. मी आयुष्यभर लोकांच्या हातातून नाणी घेतली आहेत. कुणाला एक रुपया जड जातो, कुणाला नाही, हे मला खिशात हात घालण्याच्या पद्धतीवरून समजतं. आणि तरीही मला असं वाटतं की आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. विद्यार्थ्याला पाच रुपयांची बस हवी असतेच, पण त्याहून आधी त्याला येणारी बस हवी असते. दहा रुपयांची बस दर सहा मिनिटांनी सुटत असेल तर ती पाच रुपयांच्या बेभरवशाच्या बसपेक्षा गरिबाला स्वस्त पडते. कारण बस आली नाही तर गरीब मुलगा काय करतो? शेअर रिक्षात घुसतो. शेअर मिळाली नाही आणि लेक्चर गाठायचंच असेल तर मीटरनं जातो. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं पहिलं भाडं २६ रुपये आहे, आणि तीन किलोमीटरचे पन्नासच्या वर होतात, वाहतूक तुंबली तर आणखी. जाऊन-येऊन शंभर. दोन दिवस असं झालं की आठवड्याचा डब्याबाहेरचा सगळा खर्च संपला.

माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, भाडं वाढवून गाड्या वाढतीलच याची हमी कोण देणार? बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच मी म्हणतो की हमी आधी मागा, भाडं नंतर बोला. एके काळी बेस्टकडे चार-साडेचार हजार गाड्या होत्या. आता भाडेतत्त्वावरच्या धरूनही आकडा तीन हजारांच्या खाली आहे. शहर मोठं झालं, विद्यार्थी वाढले आणि गाड्या कमी झाल्या. १५ जुलै १९२६ ला या शहरात पहिली बस धावली. इतक्या जुन्या संस्थेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा गाड्यांचा आकडा लिहितानाही त्रास होतो.

आता विद्यापीठाचं बघा. मुंबईतली बरीच जुनी कॉलेजं रेल्वेच्या कुशीत आहेत. माटुंग्याला उतरलं की रुईया पायी, विद्याविहारला उतरलं की सोमय्या समोर. फोर्टचं विद्यापीठ, राजाबाई टॉवर, चर्चगेटहून चालत. पदव्युत्तर विभाग कलिन्याला आले तेव्हा मोठी जागा मिळाली, झाडं मिळाली, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय मिळालं. पण स्टेशन तेवढं लांब राहिलं. मध्य आणि हार्बर रेल्वेनं येणाऱ्यांना कुर्ला, पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांना सांताक्रूझ. दोन्हीकडून बस किंवा रिक्षा. म्हणजे पनवेल, कर्जत, कसारा, विरार, कुठूनही पोरगं येऊ दे, शेवटची तीन किलोमीटर ही त्याच्या शिक्षणाच्या वाटेवरची उंबरठ्याची पायरी. तिथं पाय अडखळला तर घरात शिरणार कसं?

त्या रस्त्याची एक गोष्ट सांगतो. विद्यापीठाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला सीएसटी रोड म्हणतात. १९९६ मध्ये व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, त्यानंतर माझ्या गाडीत बाहेरगावचे प्रवासी विचारायचे, “ही सीएसटीला जाते ना?” मी म्हणायचो, नाही हो, हा वेगळा सीएसटी. पण वेगळा म्हणजे कुठला, हे मलाही माहीत नव्हतं. एकदा रोज माझ्या गाडीनं येणाऱ्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. नाव ट्रामवे, पण होती रेल्वे. १९२८ साली सुरू झाली, ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत जायची, आणि १९३४ मध्ये बंद झाली. रूळ गेले, नाव रस्त्याला चिकटून राहिलं. त्या दिवसापासून कापडिया नगरच्या पुढे गाडी तुंबली की माझ्या मनात यायचं, या वाटेवर एके काळी आगगाडी होती. तिच्या नावाच्या रस्त्यावर आता आपण पोरांना एक नियमित बस देऊ शकत नाही.

नियमित बस का येत नाही, हे बहुतेकांना वाटतं तितकं सोपं नाही. ड्रायव्हर टंगळमंगळ करतो म्हणून ती उशिरा येत नाही. लोक म्हणतात, “अर्धा तास एक नाही आणि मग तीन एकदम.” हे खरं आहे आणि त्यामागं कारण आहे. समजा, पहिली गाडी कापडिया नगरच्या सिग्नलला दोन मिनिटं जास्त अडकली. तेवढ्या वेळात पुढच्या थांब्यांवर गर्दी वाढते. ही गाडी प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं घेते, म्हणजे जास्त वेळ उभी राहते, म्हणजे आणखी मागे पडते. तिच्या मागून येणाऱ्या गाडीला थांब्यावर माणूसच सापडत नाही, ती भराभर पुढे येते आणि पहिलीच्या शेपटीला लागते. आम्ही याला ‘गाड्या लागल्या’ म्हणायचो. एकदा गाड्या लागल्या की मार्ग संपेपर्यंत सुटत नाहीत. मार्ग जितका लांब आणि रस्ता जितका तुंबलेला, तितकं हे जास्त. वाकोल्याच्या कोंडीत अडकलेली गाडी कुर्ल्याला परत यायला उशीर करते, आणि कुर्ल्याच्या रांगेतल्या पोराला कळतच नाही की आपली बस वाकोल्यात उभी आहे.

यावर उपाय आहे आणि तो आम्ही करायचो. गर्दीच्या वेळी स्टार्टर एखादी गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवायचा. कुर्ला ते विद्यापीठ, विद्यापीठ ते कुर्ला. पुढे जायचंच नाही. तीन किलोमीटरच्या फेरीत उशीर साचायला जागाच नसते. गाडी लगेच परत येते, पुन्हा भरते, पुन्हा जाते. परीक्षेच्या दिवसांत तात्यांनी अशा गाड्या फिरवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. एकदा रेल्वे खोळंबली, साडेनऊच्या सुमारास चार लोकल एकामागोमाग आल्या, पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या पोरांच्या हातात हॉल तिकीट. तात्यांनी डेपोत फोन लावला, राखीव असलेली एक गाडी मागवली, आणि मला वरच्या मजल्यावर चढवत म्हणाले, “तिकिटं नंतर काप. आधी पोरं आत घे.” गेटवर सगळ्यांना उतरवलं तेव्हा दहाला सात मिनिटं होती. मी तिकिटं अर्धीच कापू शकलो होतो. उतरताना पोरांनी उरलेले पैसे स्वतःहून माझ्या हातात ठेवले. एकही माणूस फुकट गेला नाही. पेटीत हिशेब जुळला तेव्हा मला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो.

आता स्टेशनचा परिसर बदललाय. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ च्या मार्गावरची बस गर्दीत शिरली आणि माणसं गेली. त्यानंतर काही काळ स्टेशनजवळून बस सुटणंच बंद झालं होतं. तो रस्ता मी हजारो वेळा गेलोय. एका बाजूला फेरीवाले, एका बाजूला रिक्षा, मधून माणसं, आणि त्यातूनच बारा मीटरची गाडी काढायची. कुठल्याही शहाण्या माणसानं स्टेशनच्या तोंडाशी बस, रिक्षा आणि पायी चालणारे यांच्या वाटा वेगळ्या केल्या असत्या. त्या अपघातानंतर तरी ते व्हायला हवं होतं. गेल्या महिन्यात भाचीबरोबर गेलो तेव्हा मी तिचा दंड धरून चाललो. ती हसली, म्हणाली, मी रोज येते मामा. मी दंड सोडला नाही.

मेट्रोबद्दल लोक सांगतात. मेट्रो-३ आली, सांताक्रूझला तिचं स्थानक झालं, चांगलं झालं. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते. दक्षिण मुंबईतून किंवा अंधेरीकडून येणाऱ्या पोरांना तिचा उपयोग आहे. मूळ आराखड्यात तर ‘विद्यानगरी’ नावाचंच एक स्थानक होतं, ते पुढे वांद्रे कॉलनी झालं. पण वांगणीच्या मुलीला कुर्ल्याला उतरून मेट्रो सापडत नाही. तिच्यासाठी अजूनही बसच आहे. इकडे वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांमधून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांपर्यंत माणसं नेण्यासाठी पॉड टॅक्सीची आखणी झाली आहे. कचेरीत जाणाऱ्याचा वेळ मोलाचा आहे, मी नाकारत नाही. पण त्याच कुर्ला स्टेशनवर, त्याच पुलावरून उतरणाऱ्या विद्यार्थ्याच्या वेळेला मोल नाही असं कुणी ठरवलं? त्याच्यासाठी पॉड नको, खांबांवरचे मार्ग नकोत. चार बस आणि एक कान देऊन ऐकणारा माणूस हवा.

आणि संध्याकाळ. सकाळपेक्षा मला संध्याकाळ जास्त खुपते. ग्रंथालयातून संध्याकाळी उशिरा निघालेली मुलगी. तिथून गेटपर्यंत झाडांखालून दहा मिनिटं चालत यायचं. मग थांबा. बस पाच मिनिटांत आली तर ठीक. नाही आली तर अंधार, गॅरेजं बंद होत आलेली, शटर खाली ओढली जातायत, रिक्षावाले वेग कमी करून विचारत जातायत. माझी बहीण रोज सात वाजता फोन करते, कुठं आहेस? भाची म्हणते, थांब्यावर. पुन्हा साडेसातला फोन. कुठं आहेस? थांब्यावर. त्या अर्ध्या तासात माझी बहीण स्वयंपाक करू शकत नाही. एका घरात मी स्वतः पाहिलंय की मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि घरच्यांनी तिला जवळच्या कॉलेजात घातलं. त्यांना रेल्वेची भीती नव्हती. लोकलमध्ये बायकांचा डबा असतो, चार बायका असतात. त्यांना भीती होती त्या थांब्याची.

मी काय मागतोय ते स्पष्ट सांगतो. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते नऊ, कुर्ला स्टेशन ते विद्यापीठ अशी फक्त तेवढ्याच अंतराची फेरी, दर सहा-सात मिनिटांनी. रविवारीही, कारण दूरस्थ शिक्षण घेणारी नोकरदार माणसं सुट्टीच्याच दिवशी येतात आणि त्यांना कुणी मोजत नाही. संध्याकाळची गाडी शक्य असेल तर आवाराच्या आत, ग्रंथालयापर्यंत जावी. सांताक्रूझच्या बाजूनंही असंच. मोबाइलवर बस कुठं आहे ते आता दिसतं, चलो ॲप आहे, ती सोय चांगली आहे. पण बस कुठं अडकली आहे हे दिसल्यानं अडकलेली बस सुटत नाही. त्यासाठी माणूस लागतो, जो ठरवेल की ही गाडी इथून परत फिरव, ती दोन मिनिटं धर, लोकल येतेय. तात्यांकडे मोबाइल नव्हता. त्यांच्याकडे एक स्टूल, एक शिट्टी आणि निर्णय घ्यायची मुभा होती. आज शिट्टीही आहे, मोबाइलही आहे. ती मुभा तेवढी परत द्या.

पैसे कुठून आणायचे, असं विचारतील. विद्यापीठ, पालिका आणि परिवहन यांनी मिळून बसावं. जिथं हजारो मुलं रोज एकाच वेळी एकाच वाटेनं जातात, तिथं फेऱ्या रिकाम्या जात नाहीत. भरलेली छोटी फेरी ही परिवहनासाठी सगळ्यात चांगली फेरी असते. अर्ध्या रिकाम्या लांब मार्गांपेक्षा तिचं वेबिल, म्हणजे तिकिटांचं उत्पन्न, नेहमीच जास्त यायचं, हे मी रोज डेपोत पैसे भरताना पाहिलंय.

माणसं नाहीत असं म्हणाल तर तेही खरं नाही. माझ्यासारखे निवृत्त स्टार्टर आणि कंडक्टर या शहरात भरपूर आहेत. चेंबूरला, कुर्ल्याला, घाटकोपरला आम्ही सकाळी फिरायला जातो आणि बाकावर बसून जुन्या मार्गांचे नंबर आठवत बसतो. रस्ता आम्हाला पाठ आहे, पोरांची गर्दी सांभाळता येते, आणि ‘कर्जत लोकल पंधरा मिनिटं उशिरा’ ऐकल्यावर काय करायचं ते सांगावं लागत नाही. मला विचारलं तर मी सोमवारपासून यायला तयार आहे, आठ ते अकरा. पगार नको. कुर्ल्याच्या पश्चिमेला, जिथून फलाटावरची घोषणा ऐकू येते अशा जागी, एक स्टूल ठेवा. पावसाळ्यात छत्री मी घरून आणीन.